तात्पुरता मुक्काम : औंधची प्रजा, परदेशप्रवास आणि परतण्याचा पुरावा

परक्या देशात काही दिवसांपुरते जाऊ इच्छिणाऱ्या मनुष्यास आज जो व्हिसा मागावा लागतो, त्याची पात्रता ठरविणारा मूळ प्रश्न एकच असतो : हा मनुष्य परत जाईल काय? तो कशासाठी निघाला, त्याचा खर्च कोण सोसणार, तेथे त्याचे कोण आहे, हे सारे या एका प्रश्नाचे पोटप्रश्न होत. परीक्षा घेणारा देश परका असला, तरी तिचा पुरावा पाहुण्याने मागे ठेवलेल्या घरातच शोधावा लागतो. म्हणून या परवान्याचा इतिहास केवळ वॉशिंग्टन अथवा लंडन येथील कायद्यांच्या पुस्तकांतून पुरता उलगडत नाही. माणसे ज्या गावांतून निघाली, तेथे ‘घर’ व ‘रहिवास’ या शब्दांना काय अर्थ होता, हेही पाहावे लागते. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध आणि त्या नावाचे जुने संस्थान या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे; कारण तेथील मनुष्य कोणत्या राज्याचा, याचेच उत्तर १९४८ पर्यंत सरळ देता येत नसे.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. मराठी राज्यव्यवहारात प्रवासाच्या कागदांची वाण नव्हती. दस्तक, परवाना, राहदारी हे फारसीतून आलेले शब्द जुन्या दप्तरांत जागोजाग आढळतात. राहदारी म्हणजे वाटेवरची जकात, आणि ती वाट मोकळी करून देणारा कागदही. हे कागद प्रामुख्याने माल, जनावरे आणि चाकरीवरील माणसे यांच्या जाण्यायेण्यासाठी असत. ‘या मनुष्यास अडवू नये’ हा त्यांचा आशय. मनुष्य मुक्काम संपल्यावर परत जाईल की नाही, याची चौकशी त्यांत नसे. ‘व्हिसा’ या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थही ‘पाहिलेला’ एवढाच आहे : कागद पाहिला, शिक्का मारला. पाहणाऱ्याने कागदापलीकडे जाऊन धारकाचे मन पाहावे, हा अर्थ त्यास पुढे चिकटला. मराठीत पासपोर्टासाठी ‘पारपत्र’ हा शब्द घडविण्यात आला. तो शासकीय कागदांत रुळला, तरी बोलण्यात पासपोर्ट हाच शब्द राहिला. ‘पारिपत्य’ या शब्दाशी त्याचे जे ध्वनिसाम्य आहे ते लोकांच्या कानास खटकले असेल, तर नवल नाही.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत उपपत्तीही येथे आठवावी. मनुस्मृतीने एक रात्र राहणाऱ्यास अतिथी म्हटले आहे. त्याचे राहणे नित्य नसते, हेच त्याचे लक्षण. म्हणजे मुक्कामाचा तात्पुरतेपणा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. परंतु तेथे तात्पुरतेपणा हे गृहीत आहे, आणि आधुनिक कायद्यात तो सिद्ध करावयाचा आहे. गृहीताचे प्रमेय कसे झाले, हाच या निबंधाचा विषय.

दख्खनच्या गावगाड्यात कायमचा आणि उपरा असा भेद अर्थातच होता. मिरासदार हा गावचा वंशपरंपरेचा शेतकरी. उपरी हा बाहेरून येऊन मुदतीने जमीन कसणारा. मिरासदाराचा मान, पाणवठा, देवळातील जागा ही उपऱ्यास नसत. परंतु या व्यवस्थेचे एक अंग सहसा दुर्लक्षिले जाते. मिरासदार दुष्काळात किंवा धामधुमीत परागंदा झाला, तरी त्याची मिरास लगोलग बुडत नसे. दीर्घ गैरहजेरीनंतर तो अथवा त्याचे वंशज परतले, तर हक्क सांगू शकत. इतकेच नव्हे, तर ओस पडलेल्या गावी कुळांनी परत यावे म्हणून सरकार कौल देई आणि सारा चढत्या क्रमाने घेण्याचे कबूल करी. सरकारची चिंता अशी की, गेलेला मनुष्य परत येईल किंवा नाही. आजच्या व्हिसा-अधिकाऱ्याची चिंता शब्दशः तीच आहे, फक्त ती दुसऱ्या टोकाकडून व्यक्त होते. माणदेशासारख्या अवर्षणप्रवण मुलखात, ज्यात औंध संस्थानचा आटपाडी महाल मोडत असे, जाणे आणि परतणे ही जगण्याची रीतच होती. घर सोडणे म्हणजे घर टाकणे नव्हे, हे तेथे कोणास समजावून सांगावे लागत नसे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवाशांनाही ते समजावून सांगावे लागले नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना अडविणारे होते ते समाजाचे निर्बंध. अमेरिकन सरकारचा व्हिसा ही वस्तूच तेव्हा नव्हती. १८८२ च्या अमेरिकन कायद्यान्वये सरकारवर भार होईल अशा व्यक्तीस बंदरावर परत पाठविता येत असे, परंतु निघण्यापूर्वी कोणाची अनुमती घेण्याचे कारण नसे. भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हाही स्थिती फारशी बदललेली नव्हती. बदल घडविला तो महायुद्धाने. युद्धकाळात पासपोर्ट आणि व्हिसा ही तात्पुरती व्यवस्था म्हणून आली. युद्ध संपले, व्यवस्था राहिली. तात्पुरत्या प्रवाशाची परीक्षा घेणारे हे यंत्र स्वतः तात्पुरते म्हणून दाखल होऊन कायमचे वस्तीस राहिले, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

औंधच्या मनुष्याची अडचण येथून सुरू होते. सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर पंतप्रतिनिधींची जहागीर इंग्रजांच्या देखरेखीखाली आली आणि पुढे दीर्घ काळ साताऱ्याचा कलेक्टर हाच तिचा पोलिटिकल एजंट असे. संस्थानचे क्षेत्र सुमारे ५०० चौरस मैल, गावे ७२, आणि तीही एकसंध नव्हेत. औंध एका बाजूस, आटपाडी दुसऱ्या, कुंडल तिसऱ्या, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूस. राजधानीतून महालाच्या गावी जाणारा कारकून वाटेत इंग्रजी मुलूख ओलांडी आणि त्याचे त्यास भानही नसे. जमिनीवरची सरहद्द अशी निरुपद्रवी होती. मुंबई बंदरात मात्र तीच सरहद्द कागदावर उमटे. संस्थानची प्रजा ही कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हे. ती ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ होय. परराष्ट्रव्यवहार सार्वभौम सत्तेकडे असल्यामुळे राजास स्वतः पासपोर्ट देण्याचा अधिकार नव्हता. १९३९ च्या राज्यघटनेने औंधच्या खेडुतास आपली पंचायत निवडता येऊ लागली, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पण त्याच खेडुतास आगबोटीवर चढण्यासाठी जो कागद लागे, तो त्याचे स्वतःचे राज्य देऊ शकत नसे. स्वराज्याची मर्यादा बंदरावर कळत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

कुंडलजवळील माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला, तो औंधच्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने. या किर्लोस्करवाडीतून लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेचे यंत्रअभियंते झाले. शंतनुरावांचा जन्म सोलापूरचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. राहणे औंध संस्थानातले. जन्माने एक, वास्तव्याने दुसरे. वाडीत या भेदाला कवडीचे मोल नव्हते, पण पासपोर्टाच्या पहिल्या पानावर नेमके असेच भेद मोलाचे ठरतात. त्यांचा अमेरिकेतील काळ लक्षात घेण्यासारखा आहे, कारण त्या चार वर्षांत तेथील कायदा भारतीयांच्या बाबतीत मुळापासून बदलला.

१९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग, त्यात हिंदुस्थानही, प्रवेशास बंद केला होता. अपवाद होते ते अधिकारी, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, कलावंत, व्यापारी इत्यादींचे. आणि या यादीच्या शेवटी ‘कुतूहलाने अथवा मौजेसाठी प्रवास करणारे’ असा एक वर्ग होता. आजच्या पर्यटक-व्हिसाचा हा एक पूर्वज मानावा लागतो. कुतूहल हे कायद्याच्या पुस्तकात पात्रता म्हणून नोंदले जावे, ही गोष्ट आता काहीशी हेव्याची वाटते. पुढे फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, हिंदुस्थानी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे आणि म्हणून नागरिकत्वास पात्र नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हा निर्णय मुळातून वाचावा. ‘आर्य’ हा शब्द भाषेचा निदर्शक आहे, शरीरलक्षणांचा नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. ते विधान शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर होते. परंतु त्यातून निष्कर्ष काढला तो असा की, सामान्य माणूस बोलताना ज्यास गोरा म्हणतो तोच गोरा. शास्त्राने वंशाचा भ्रम दूर केला, आणि ती रिकामी जागा बोलीतील पूर्वग्रहाने भरून काढली.

या निर्णयाचा व्हिसाशी संबंध पुढच्याच वर्षी जुळला. मे १९२४ च्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयास वसाहतीसाठी येण्याची मनाई केली. त्याच कायद्याने व्यापार अथवा मौज यांसाठी तात्पुरता येणारा प्रवासी ‘वसाहत करणारा’ नव्हे, असे ठरविले; विद्यार्थ्यांची स्वतंत्र तरतूद केली; आणि वकिलातीतून आगाऊ व्हिसा घेणे शांततेच्या काळातही नित्याचे केले. याचा परिणाम असा झाला की, सामान्य हिंदुस्थानी माणसास अमेरिकेत शिरण्याचे मोठे दार बंद झाले आणि तात्पुरत्या मुक्कामाची खिडकी तेवढी उघडी राहिली. जेथे एकच खिडकी उघडी असते, तेथे तिच्यातून येणाऱ्या प्रत्येकाकडे चोरटा म्हणून पाहण्याची सवय पहारेकऱ्यास लागते. पाहुण्याविषयीचा संशय हा पाहुण्याच्या वर्तनातून जन्मला असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो दार बंद करण्याच्या निर्णयातून जन्मला.

या सुमारास औंधात उलट दिशेने आलेला एक मनुष्य होता. मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सा येथे जन्मलेले ज्यू अभियंते १९३० नंतरच्या दशकात बंगलोर येथे कारखान्याच्या कामासाठी आले. म्हैसूर दरबारची ती नोकरी, मुदतीची, कामापुरती. पुढे ते भारतानंद झाले, औंधास आले, आप्पासाहेब पंतांसमवेत संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगात राबले, गांधीजींशी त्यांनी त्या घटनेबाबत विचारविनिमय केला, आणि १९७६ मध्ये मुंबईस निवर्तले. बंगलोरला उतरतेवेळी कोणी अधिकाऱ्याने त्यांना ‘तुमचा परत जाण्याचा हेतू आहे काय?’ असे विचारले असते, तर त्यांनी प्रामाणिकपणे काय सांगितले असते, हे सांगणे अवघड आहे. हेतू हा प्रवासाआधी तयार असतो, हेच मुळी गृहीत आहे. कित्येकदा तो मुक्कामात घडतो. आणि हे खरे मानले, तर व्हिसा-अधिकाऱ्याच्या चिंतेसही काही आधार आहे, हे नाकारता येत नाही.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. २६ जानेवारी १९५० पासून औंधची प्रजा भारताची नागरिक झाली, ती संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदातील ‘अधिवास’ या कसोटीवर. संरक्षित व्यक्ती ही उपाधी गेली. घर कोणाच्या राज्यात, या प्रश्नाला प्रथमच सरळ उत्तर मिळाले. परंतु ते उत्तर मिळते न मिळते तोच परक्या देशांनी प्रश्न बदलला. अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांस वर्षाला १०० जणांची वाटणी आणि नागरिकत्वाचा हक्क दिला होता. १९५२ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन पाहुण्याची व्याख्या पक्की केली : ज्याचे परदेशात असे निवासस्थान आहे की जे सोडून देण्याचा त्याचा हेतू नाही, आणि जो व्यापारासाठी वा मौजेसाठी तात्पुरता येत आहे, तो पाहुणा. सोबत असेही घातले की, प्रत्येक परकीय हा अन्यथा सिद्ध होईपर्यंत वसाहतीसाठीच येत आहे असे धरावे, आणि ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर राहील. फौजदारी न्यायात आरोपी निर्दोष धरला जातो. येथे अर्जदार, अपराध नसताही, उलट बाजूने धरला जातो.

त्याच कायद्यात ‘निवासस्थान’ या शब्दाची निराळी व्याख्या आहे आणि तिचा या व्याख्येशी असलेला संबंध चमत्कारिक आहे. निवासस्थान म्हणजे मनुष्याची सर्वसामान्य राहण्याची जागा, त्याचे प्रमुख व प्रत्यक्ष घर. आणि हे ठरविताना हेतू लक्षात घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे घर कोठे आहे हे हेतूवाचून ठरवावयाचे, आणि ते सोडणार की नाही हे केवळ हेतूवरून ठरवावयाचे. आटपाडी-खानापूर भागातील गलाई व्यावसायिकांचे उदाहरण घेतले म्हणजे या दोन कसोट्यांतील अंतर ध्यानी येते. सोनेचांदी गाळण्याचा धंदा घेऊन ही कुटुंबे पिढ्यान्पिढ्या भारतभरच्या शहरांत राहिली आहेत; गावचे घर, कुलदैवत, लग्नकार्य मात्र माणदेशाशी जखडलेले. ‘घर कोठे?’ असे विचारता त्यांच्यातील वयस्क मनुष्य गावाचे नाव सांगेल. कायद्याच्या पहिल्या कसोटीने ते नाव चूक ठरेल, दुसऱ्या कसोटीने कदाचित तेच बरोबर ठरावे.

इंग्लंडची वाट थोडी निराळी होती. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले, तेव्हा साम्राज्यातील मनुष्याला तेथे पोहोचल्यावर व्हिसा लागत नसे. तेच आप्पासाहेब १९४८ ते १९५४ या काळात नैरोबी येथे भारताचे कमिशनर होते आणि १९६९ ते १९७२ मध्ये लंडन येथे उच्चायुक्त. दोन नेमणुकांच्या मधल्या काळात इंग्लंडने १९६२ चा राष्ट्रकुल वसाहत कायदा केला आणि १९६८ मध्ये, केनियातून निघालेल्या आशियाई लोकांच्या भयाने, तो आणखी आवळला. केनियातील ज्या भारतीय वस्तीत त्यांनी काम केले होते, तिचेच लोक ब्रिटिश पासपोर्ट हातात असून दारावर थांबविले गेले. १९७१ चा कायदा आप्पासाहेबांच्या कारकिर्दीतच संमत झाला. या साऱ्या काळात भारतीय पाहुण्यास इंग्लंडसाठी आगाऊ व्हिसा सक्तीचा नव्हता. चौकशी विमानतळावर होई. १९८६ मध्ये भारतीयांसाठी व्हिसा सक्तीचा झाला आणि चौकशीची जागा हीथ्रोवरून निघाली ती मुंबईत आली. आजही तेथील नियमांत ‘खरा पाहुणा’ ही संज्ञा आहे. खरा म्हणजे मुदतीअखेर जाणारा.

आता पुराव्याकडे वळावे. १९६५ मध्ये अमेरिकेने राष्ट्रवार वाटणी रद्द केली, महाराष्ट्रातील डॉक्टर व अभियंते तिकडे स्थायिक झाले, आणि तात्पुरत्या पाहुण्यांत मुलाकडे किंवा मुलीच्या बाळंतपणास जाणाऱ्या आईबापांची भर पडली. त्यांनी अधिकाऱ्यास काय दाखवावे? सातारा-सांगलीकडील मनुष्य स्वाभाविकपणे सातबाऱ्याचा उतारा काढतो. ज्या मुलखात मिरासीवरून माणूस गावचा ठरे, तेथे जमीन म्हणजे परतण्याची हमी, ही समजूत साहजिक आहे. पण वकिलातीच्या व्यवहारात कोणताही एक कागद निर्णायक नसतो. सातबारा जमीन दाखवितो, हेतू दाखवीत नाही.

त्यातही सर्वांत अडचणीची स्थिती स्त्रियांची. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलीस वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, तरी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची चाल गावोगाव चालू राहिली. ज्या बाईने आयुष्यभर एका उंबरठ्याची राखण केली, तिच्या नावावर त्या उंबरठ्याचा कागद नसतो. ती विधवा असली आणि मुलगा परदेशी असला, तर कागदावर तिचे मागे कोणीच नाही असे दिसते. घर सोडून जाण्याची शक्यता जिच्या बाबतीत सर्वांत कमी, तीच ‘घराशी बंध’ दाखविण्यास सर्वांत असमर्थ ठरते. ही कसोटी मालमत्ता मोजते. आणि मालमत्ता ज्यांच्या नावे असते, ते बहुधा कर्ते पुरुष असतात.

भाषेची अडचण तर आहेच. मराठीत ‘परत येईन’ आणि ‘परत येणार आहे’ यांत अंतर आहे : पहिल्यात वचनाची छटा, दुसऱ्यात ठरलेल्या बेताची. दुभाष्याच्या तोंडून दोन्ही एकच होतात. शिवाय मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जाणे या क्रियापदाचा उच्चार त्या क्षणी अशुभ मानला जातो. परतण्याचा हेतू हा निघण्याच्या शब्दातच घातलेला असतो. अर्जाच्या नमुन्यात त्याला रकाना नाही.

मुंबईतील अमेरिकन वकिलात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०११ पर्यंत ब्रीच कँडी येथील लिंकन हाउसमध्ये होती. नंतर ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. लिंकन हाउस हा मूळचा वांकानेरच्या महाराणांचा वाडा. वांकानेरची प्रजाही, औंधप्रमाणेच, एके काळी ‘संरक्षित व्यक्ती’ म्हणून नोंदली जात असे. पन्नासाहून अधिक वर्षे खटाव, आटपाडी, पलूसकडील अर्जदार रात्रीच्या एस.टी.ने येऊन, सातबारे आणि बँकेची पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्या वाड्याच्या भिंतीशी रांगेत उभे राहत.